वीस खोल्यांची शाळा

प्रवासाला निघण्याचीं कारणें बहुधा सुखाचीं असतात. कोणी हवापालटासाठीं निघतो, कोणी देवदर्शनासाठीं, तर कोणी रोजच्या त्याच चार भिंतींना कंटाळला म्हणून. आमच्या या प्रवासाचें कारण चारचौघांत सांगण्यासारखें नव्हतें. परंतु घरोघरीं मुलें आहेत आणि तीं शाळेंत जातात, म्हणून तें लपविण्यांत अर्थ नाहीं असें आम्हांस वाटतें. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नववींत आहेत. गेल्या कार्तिकांत त्यांना शाळेनें आठ दिवसांसाठीं घरीं बसविलें.

अपराध असा, कीं प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही चिरंजीवांनीं स्वतःच ठोकून दिली. ती उघडकीस आली तेव्हां शेजारच्या बाकावरील मित्राचें नांव सांगितलें, कीं सही त्यानें केली. मित्र नाहीं नाहीं म्हणत राहिला. पण त्याचें अक्षर वळणदार, आणि वर्गांत दुसऱ्याच्या वह्या भरून देण्याची त्याची ख्याति होती. तो अकरा दिवस वेगळ्या बाकावर एकटा बसविला गेला, खेळाच्या संघांतून त्याचें नांव कमी झालें, आणि वर्गांतील मुलांनींही त्याच्याशीं बोलणें सोडलें. अकराव्या दिवशीं खरी गोष्ट बाहेर आली. ती चिरंजीवांनीं सांगितली नाहीं, ती फुटली.

ही बातमी घरीं आली तेव्हां काय झालें हें वाचकांपैकीं पुष्कळांना वेगळें सांगावयास नको. बंधूंचा हात शिवशिवूं लागला. वहिनींनीं त्या दिवशीं जेवण टाकलें. आणि आमच्या मातुःश्रींनीं, नातवाची बाजू कोणी तरी घ्यावयास हवी म्हणून, लोकमान्यांच्या शेंगांची गोष्ट काढली. महाराष्ट्रांत ही गोष्ट कोणत्या घरीं सांगितली जात नाहीं? शेंगा आपण खाल्ल्या नाहींत, तेव्हां टरफलें आपण उचलणार नाहीं, असें बाळ टिळकांनीं मास्तरांना ठणकावून सांगितलें. चिरंजीव इतका वेळ खालीं मान घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "पण आजी, टिळकांनीं शेंगा खाल्ल्याच नव्हत्या. मीं खाल्ल्या आहेत."

त्या एका वाक्यानें आमचें मत ठरलें. या मुलाला मारण्याची गरज नाहीं, आणि त्याला मोबाईलच्या पडद्यासमोर आठ दिवस मोकळा सोडण्यांतही शहाणपण नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही, सौ. आणि चिरंजीव असे तिघे एस. टी. च्या गाडींत बसलों.

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता खेड ओलांडून मंचरला येतो. खेडचें आजचें नांव राजगुरुनगर. हुतात्मा राजगुरूंचा जन्म तेथें १९०८ सालीं झाला; आणि योगायोग असा, कीं त्याच सालीं जवळच्याच आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ या खेड्यांत बाबू गेनू सैद या शेतकऱ्याच्या मुलाचाही जन्म झाला. हा बाबू गेनू पुढें मुंबईस गिरणींत मजुरी करूं लागला. १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाची मोटर अडविण्यासाठीं तो तिच्यापुढें आडवा झाला आणि तिच्याखालीं त्याचा अंत झाला. मोठ्या विद्यालयाचा उंबरठा त्यानें कधीं ओलांडला नव्हता. सत्याग्रहींनीं हात उगारावयाचा नाहीं आणि जागा सोडावयाची नाहीं, हे दोन नियम त्याच्याकडून कोणी छडी दाखवून पाळून घेतले नव्हते. गाडी मंचरच्या थांब्यावर उभी असतां आम्हीं ही हकीकत चिरंजीवांना सांगितली. त्यांनीं ती ऐकून घेतली. पण आजीच्या गोष्टीनें जें झालें तेंच हिनेंही झालें असावें, असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें. थोरांच्या गोष्टी निरपराध मुलाला धीर देतात; अपराधी मुलाला त्या आणखी एकटें पाडतात. हें आम्ही त्या प्रवासांत प्रथम शिकलों.

मंचरहून पश्चिमेस वळलें, कीं घोडेगांव लागतें. तालुक्याचें नांव आंबेगांव, पण त्याचें ठाणें घोडेगांव. ज्या गांवानें तालुक्याला नांव दिलें तें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. धरणाच्या कडेला आम्ही उभे राहिलों तेव्हां पाणी अगदीं निश्चल होतें. सौ. म्हणाल्या, "गांव बुडालें, पण कागदावर नांव तसेंच राहिलें." आम्हांस शाळेच्या पटाची आठवण झाली. तेथेंही कित्येक नांवें राहतात आणि मूल केव्हां बुडालें याचा पत्ता नसतो.

डिंभ्याच्या पुढें डोंगर उंच होत भीमाशंकरच्या रानाला मिळतात. ही महादेव कोळी समाजाची वस्ती. खांचरांत भात, रानांत हिरडा आणि उताराला धरून राहिलेल्या वाड्या. अशा एका वाडीच्या खालीं आश्रमशाळा आहे व तेथें आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. आश्रमशाळा म्हणजे मुलांनीं तेथेंच राहावयाचें, जेवावयाचें आणि शिकावयाचें. आम्ही पोचलों तेव्हां संध्याकाळची प्रार्थना संपून मुलें ताटें घेऊन रांगेंत उभीं होतीं. मोठीं मुलें लहानांना वाढत होतीं. आपलें ताट स्वतः घासून ठेवावयाचें हा नियम, आणि तो चिरंजीवांनाही लागू झाला. घरीं पाण्याचा पेला उचलून न ठेवणारे आमचे चिरंजीव राखेनें ताट घासतांना पाहून सौ. नीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही दोघेंही कांहीं बोललों नाहीं.

रात्रीं ओट्यावर बसलों असतां आम्हीं गुरुजींना विचारलें, "तुमच्याकडे सर्वांत मोठा अपराध कोणता?"

"पळून जाणें," गुरुजी म्हणाले. "भातकापणीच्या दिवसांत घरची ओढ लागते. रात्रींतून दोघे-तिघे डोंगर चढून आपल्या वाडीला जातात."

"मग शिक्षा?"

"शिक्षा पहिल्यानें मला," ते हंसून म्हणाले. "सकाळीं उठून तोच डोंगर मला चढावा लागतो. पटावरून नांव कमी करणें सोपें. पण शाळेनें सोडला तर तो जाणार कोठें? वाडींत गेलें, कीं मुलाची आई म्हणते, मारा गुरुजी, पण शिकवा. तिला सांगावें लागतें, कीं मारावयाचें नाहीं असा कायदा आहे. ती विचारते, मग तो ऐकेल कसा? या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत लिहिलेलें नाहीं. तें मलाच द्यावें लागतें."

"आणि तें काय देतां?"

"मुलाला घेऊन परत येतों. येतांना तीन तास बरोबर चालावें लागतें. पहिला तास कोणी बोलत नाहीं. दुसऱ्या तासाला तो बोलूं लागतो. तिसऱ्याला मला कळतें, कीं तो कां पळाला. कधीं भूक, कधीं मोठ्या मुलाचा त्रास, कधीं घरीं आजी आजारी. मग चूक त्याची किती आणि आमची किती, याचा हिशेब करतां येतो. पुढें आठवडाभर संध्याकाळीं रोपांना पाणी घालण्याचें काम त्याच्याकडे. पण त्याला एकट्याला नव्हे. दुसरी घागर माझी."

गुरुजींनीं ज्या कायद्याचा उल्लेख केला तो २००९ सालचा, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें मुलाला शारीरिक शिक्षा करणें आणि त्याचा मानसिक छळ करणें या दोन्ही गोष्टींना मनाई केली, व ती मोडणाऱ्यावर कारवाई सांगितली. सोळाव्या कलमानें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेंतून काढून टाकतां येणार नाहीं असें ठरविलें. त्याच कलमांत कोणाला मागच्या वर्गांत ठेवूं नये असेंही होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या परीक्षेंत नापास झालेल्यांना तसें ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मनाई कायम राहिली. आठवी ओलांडली, कीं हें कवच संपतें. नववींतल्या मुलाच्या आईबापांना शाळेंतून बोलावणें आलें, कीं त्यांचा पहिला विचार शिक्षेचा नसतो. शाळा सोडल्याचा दाखला हातांत पडतो कीं काय, याचा असतो. माफीपत्र, हमीपत्र, निलंबन आणि मग दाखला, अशी ही उतरण आहे. वहिनींनीं जेवण टाकलें तें याच भयानें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही जुन्नरला आलों. मुक्काम एका जुन्या वाड्यांत होता. यजमान वृद्ध, संस्कृतज्ञ आणि स्पष्टवक्ते. चिरंजीवांची हकीकत ऐकतांच ते म्हणाले, "गुरुकुलांत असें झालें असतें तर पाठ सोलून काढली असती." ही समजूत आपल्या समाजांत फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेंतील छडी, अंगठे धरणें, ओणवें उभें राहणें, कान धरून उठाबशा यांच्या आठवणी आपल्या आजोबा-पणजोबांनीं इतक्या कौतुकानें सांगितल्या, कीं तीच ऋषींची पद्धति असें आपण धरून चाललों. आम्हीं नम्रपणें यजमानांना त्यांच्याच कपाटांतील ग्रंथांची आठवण दिली. गौतमाच्या धर्मसूत्रांत मूळ नियम असा आहे, कीं शिष्याला न मारतां वळण लावावें. तें अशक्यच झालें तर बारीक दोरी किंवा वेळूची चिपटी वापरावी. आणि याखेरीज दुसऱ्या कशानें मारणाऱ्या गुरूला राजानें दंड करावा. आपस्तंबानें दरारा दाखविणें, उपास, थंड पाण्याचें स्नान आणि गुरूनें आपल्यासमोर येऊं न देणें, असे उपाय सांगितले. मनुस्मृतींत दोरी व वेळू आहेत, पण प्रहार पाठीवरच, मस्तकावर कधींही नाहीं. आणि याहून निराळें वागणाऱ्या गुरूला चोराचें पाप सांगितलें आहे. म्हणजे ज्यांना आपण कठोर म्हणतों त्यांनींही शिष्याच्या अपराधाबरोबर गुरूच्या अपराधाचें कलम लिहून ठेवलें होतें.

यजमान थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "समोर येऊं न देणें हा उपाय मात्र खरा. आम्हांला वडिलांच्या माराचें कधीं वाईट वाटलें नाहीं. पण एकदां ते तीन दिवस बोलले नाहींत, तें अजून आठवतें." चिरंजीव भिंतीला टेकून बसले होते. वेगळ्या बाकावर बसलेला तो मित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा. कारण ते उठून बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही लेण्याद्रीला गेलों. जुन्नरच्या उत्तरेस कुकडीच्या खोऱ्याकडे तोंड करून हा डोंगर उभा आहे. पावणेतीनशेंहून अधिक पायऱ्या चढून गेलें, कीं कड्यांत ओळीनें कोरलेलीं सुमारें तीस लेणीं दिसतात. सातव्या लेण्यांत गिरिजात्मज गणपतीचें स्थान, अष्टविनायकांपैकीं एक. यात्रेकरू देवाला नमस्कार करून परततात. आपण कोठें उभे होतों, इकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. तें लेणें मुळांत इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. एकही खांब नसलेला प्रशस्त चौकोनी मंडप, दोन्ही बाजूंस सात-सात आणि समोर सहा, अशा वीस खोल्या. समोरच्या मधल्या दोन खोल्यांमधील भिंत काढून देवाची जागा केली आहे. खोल्या इतक्या लहान, कीं एकानें झोंपावें व जागेपणीं मंडपांत यावें. शेजारच्या सहाव्या लेण्यांत चैत्यगृह असून तें कल्याणच्या एका गृहस्थानें दान दिल्याचा लेख तेथें आहे. दात्यांनीं दगड कोरविले. पण त्या वीस खोल्यांत राहणाऱ्या माणसांना एकत्र नांदविलें तें नियमांनीं.

आम्हीं पायरीवर बसून चिरंजीवांना विनयाची, म्हणजे भिक्षूंच्या आचारधर्माची, थोडी माहिती सांगितली. पाली परंपरेंत भिक्षूंसाठीं २२७ नियम आहेत. त्यांपैकीं चारच असे, कीं ते मोडले तर संघाचें दार कायमचें बंद. चोरी आणि मनुष्यहत्या त्यांत आहेत; आणि अंगीं नसलेली सिद्धि आहे असें खोटें सांगणें हेंही आहे. त्याखालोखाल तेरा अपराध गंभीर, पण त्यांतून परत येण्याची वाट आहे. बाकीचे पुष्कळसे नियम असे, कीं दुसऱ्या भिक्षूजवळ आपली चूक उघड बोलून दाखविली, कीं माणूस मोकळा. दर पौर्णिमा-अमावास्येला सर्वांनीं अशा मंडपांत जमावयाचें. एकानें नियम म्हणावयाचे आणि प्रत्येक प्रकरण संपलें, कीं तीन वेळां विचारावयाचें, आपण शुद्ध आहांत ना? ज्याचें मन स्वच्छ त्यानें गप्प राहावयाचें. ज्याचें स्वच्छ नाहीं त्याचें गप्प राहणें हेंच खोटें बोलणें.

"आणि ते तेरा अपराध?" चिरंजीवांनीं विचारलें. "त्यांतून परत कसें येतां येतें?"

"अपराध ज्यानें त्याच दिवशीं सांगितला त्याला सहा रात्रींचें प्रायश्चित्त. ज्यानें लपविला त्यानें जितके दिवस लपविला तितके दिवस आधीं वेगळें राहावयाचें, मानाच्या जागा सोडावयाच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्षूला आपण कां वेगळे आहों हें स्वतः सांगावयाचें. त्यानंतर त्या सहा रात्री. आणि मग त्याला परत घ्यावयाचें. परत घेण्यासाठीं मात्र एकट्या गुरूचा शब्द पुरत नसे. निदान वीस भिक्षू जमावे लागत."

चिरंजीवांनीं मंडपाकडे वळून खोल्या मोजल्या. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझे अकरा दिवस."

आम्हीं त्यांना आठ दिवसांच्या शिक्षेची आठवण दिली नाहीं. शाळेनें दिलेली शिक्षा आठ दिवसांची होती. त्यांनीं स्वतः मोजलेली अकरा दिवसांची निघाली. शिक्षेचा उपयोग होतो कीं नाहीं, हें ठरविणारा क्षण बहुधा असाच असतो. तो दंडाच्या वहींत लिहिला जात नाहीं.

येथें एक गोष्ट वाचकांजवळ कबूल केली पाहिजे. आम्ही स्वतः तरुणपणीं कांहीं वर्षें एका शाळेंत शिकवीत होतों. एके दिवशीं वर्गांतील घड्याळ फुटलें. कोणी सांगेना, तेव्हां नेहमीं खोड्या करणाऱ्या एका मुलाला आम्हीं पुढें बोलाविलें आणि दोन थपडा देऊन आठवडाभर वर्गाबाहेर उभें केलें. घड्याळ खिडकीच्या झडपेनें पडलें होतें, हें पुढें शिपायाकडून कळलें. आम्ही मुख्याध्यापकांना तें सांगितलें. मुलाला सांगितलें नाहीं. गुरूनें शिष्याजवळ चूक कबूल केली तर शिस्त राहील कशी, असें आम्हांस वाटलें. पुढच्या वर्षीं तो मुलगा दुसऱ्या गांवीं गेला. विनयांत एक नियम आहे: शिष्य क्षमा मागूं लागला तर गुरूनें ती दिलीच पाहिजे, न देणारा गुरु स्वतः दोषी ठरतो. आम्हीं तर त्याच्याही पलीकडचें केलें होतें. क्षमा मागावयाची पाळी आमची होती. लेण्याद्रीच्या पायरीवर ही हकीकत आम्हीं प्रथमच मोठ्यानें सांगितली. सौ. नींही ती ऐकली नव्हती. चिरंजीव पुष्कळ वेळ बोलले नाहींत, नंतर त्यांनीं विचारलें, "काका, त्याचें नांव आठवतें?" आठवतें. तीस वर्षें झालीं, तरी पटावरच्या क्रमांकासकट आठवतें.

दुपारीं शिवनेरी चढलों. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवछत्रपतींचा जन्म या किल्ल्यावर झाला, हें प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतें. याच डोंगराच्या कड्यांतही बौद्ध लेणीं आहेत, आणि त्यांतील एका लेखांत चिट नांवाच्या यवनानें, म्हणजे ग्रीक मनुष्यानें, संघाला भोजनमंडप दिल्याचें कोरलें आहे. नाणेघाटानें कोंकणांत उतरणाऱ्या व्यापाराच्या या पेठेंत दूरदूरचे लोक येत. परक्या देशांतून आलेल्या माणसाला येथल्या संघासाठीं कांहीं करावेंसें वाटलें, तेव्हां त्यानें एकत्र जेवण्याची जागा दिली. चिरंजीवांना आश्रमशाळेंतील ताटांची रांग आठवली. "वेगळ्या बाकावर बसवलें, कीं डबाही एकट्यानेंच खावा लागतो," ते म्हणाले. मित्राविषयीं त्यांनीं आपण होऊन उच्चारलेले हे पहिले शब्द.

परतीच्या वाटेवर आम्हीं मुद्दाम आळे गांठलें. नारायणगांव ओलांडून उत्तरेकडे जातांना चिरंजीवांना खोडदच्या दुर्बिणीविषयीं सांगितलें. रेडिओलहरी टिपणाऱ्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, कांहीं जवळजवळ आणि बाकीच्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या, परंतु सर्व एकाच ताऱ्याकडे तोंड करून ऐकतात. सौ. म्हणाल्या, "शिस्त म्हणतात ती हीच असावी. ओरडण्यापेक्षां ऐकण्याची." आम्ही इतकीं पुस्तकें चाळून जें म्हणूं शकलों नव्हतों, तें त्या गाडीच्या खिडकींतून बाहेर पाहतां पाहतां बोलून गेल्या.

आळ्याला रेड्याची समाधि आहे. हा तोच रेडा, ज्याच्या मुखीं ज्ञानदेवांनीं पैठणला वेद वदविले. पैठणहून परततांना त्यानें येथें देह ठेवला व ज्ञानदेवांनीं त्याला समाधि दिली अशी भाविकांची श्रद्धा आहे. वेदांचा चमत्कार सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या आधींची गोष्ट आपण भरभर सांगून पुढें जातों. संन्याशाचीं मुलें म्हणून समाजानें त्या चार भावंडांना वाळींत टाकलें होतें. अपराध, जर तो अपराध असेल, वडिलांचा, शिक्षा मुलांना. शुद्धि मागण्यासाठीं तीं पैठणच्या ब्रह्मवृंदापुढें उभीं राहिलीं. सर्वांभूतीं एकच आत्मा आहे असें ज्ञानदेव म्हणतांच कोणी तरी समोरच्या रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटले, असें परंपरा सांगते. त्यानंतर ज्ञानदेवांनीं रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला. आसुडानें जें निघालें नाहीं तें त्या हातानें निघालें.

ती सभा आपल्याच पूर्वजांची होती, हें विसरून चालणार नाहीं. शास्त्र त्यांना पाठ होतें. वाळींत टाकण्याचा नियम त्यांना ठाऊक होता. परत घेण्याचा शोधावा लागला. आजच्या शाळांच्या नियमावल्या आम्हीं पाहिल्या आहेत. गणवेश, केस, उशीर, मोबाईल, मारामारी, नक्कल, सही. प्रत्येकापुढें परिणाम लिहिलेला असतो. मूल परत आल्यावर त्याला कोणीं भेटावें, कोणत्या बाकावर बसवावें, ज्याचें नुकसान झालें त्याला काय मिळावें, यांपैकीं एकही ओळ आम्हांस त्यांत सांपडली नाहीं. नियमांवांचून शाळा चालत नाहीं हें आम्हीं वर्गांत उभें राहून अनुभवलें आहे. आश्रमशाळेंतील गुरुजींइतकें तें कोणाला ठाऊक असणार? पण ज्या नियमाला परतीची वाट नाहीं तो वळण लावीत नाहीं. तो केवळ वर्ग रिकामा करतो.

समाधीपुढें चिरंजीव बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "काका, माझे वळ त्याच्या पाठीवर उठले." आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. द्यावयाचें कांहीं उरलें नव्हतें.

पुण्यास पोचेपर्यंत दिवेलागण झाली. शाळेनें मागितलेलें माफीपत्र मुख्याध्यापकांच्या नांवें तयार होतें. बंधूंनीं तें स्वतःच्या हातानें लिहून ठेवलें होतें आणि चिरंजीवांनीं त्यावर फक्त सही करावयाची होती. सहीचा अपराध सहीनेंच मिटावयाचा! चिरंजीवांनीं घरीं येण्यापूर्वीं मित्राच्या घरीं जाण्याची परवानगी मागितली. आम्ही दोघें बरोबर येऊं का, असें सौ. नीं विचारलें. "कोपऱ्यापर्यंत या," ते म्हणाले. "आंत मी एकटा जातों."

त्या गल्लीच्या तोंडाशीं आम्ही दोघें पिशव्या खालीं ठेवून उभे राहिलों. चिरंजीवांनीं घंटी वाजविली. दार मित्राच्या आईनें उघडलें. त्यांना पाहून तिच्या चेहऱ्यावर जें आलें तें आम्हांस एवढ्या अंतरावरूनही दिसलें, आणि तें रास्तच होतें. चिरंजीव दारांतच उभे राहून कांहीं बोलत होते. शब्द ऐकूं आले नाहींत. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनें आंत वळून मुलाला हांक मारली, आणि दार उघडें ठेवलें.

त्याच रात्रीं आम्हीं जुन्या कागदांतून आमच्या वर्गाची यादी शोधून काढली. घड्याळाच्या त्या मुलाचा पत्ता मिळतो का, तें पाहावयाचें आहे.